लेखाच्या नावापासून लेखापर्यंत

राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिप्रजननाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला कोसंबी हे आडनाव भेटतेच. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे काढण्यासाठी जी सूत्रे वापरतात, त्यांतले एक जगभर कोसंबी यांच्या नावाने ओळखले जाते. संगणकाच्या प्रणालीत ते तयारच असते, यादीतून फक्त निवडायचे. हे सूत्र मांडणारे दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्यातल्या कोसबेनचे. ते सूत्र मांडणारा लेख त्यांनी लिहिला तेव्हा ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. लेख अवघा चार पानांचा, ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या ब्रिटिश संशोधनपत्रिकेच्या बाराव्या खंडात आलेला. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांच्या संदर्भसूचीत तो असतो. सूची करणाऱ्यांपैकी किती जणांनी ती चार पाने उघडून पाहिली असतील?

कोणाला कमी लेखण्यासाठी मी हे विचारत नाही. विद्यापीठ ग्रंथालयात संदर्भसेवेचे काम करताना मला जे विद्यार्थी भेटले त्यांच्यात कष्टाची तयारी होती, विषयाची ओढ होती. त्यांना शिकवलेले नव्हते ते हे, की दुसऱ्याच्या संदर्भसूचीतली एक ओळ हाती आल्यावर तिच्यापासून त्या लेखाच्या पूर्ण मजकुरापर्यंत कसे जायचे. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धती असते, संख्याशास्त्र असते, संदर्भ कोणत्या शैलीत लिहावेत याचेही धडे असतात. लेख मिळवण्याची विद्या मात्र ज्याची त्याने शिकायची असे गृहीत धरलेले असते. मग विद्यार्थी गोषवाऱ्यावर भागवतो, किंवा दुसऱ्याने केलेला उल्लेख आपल्या सूचीत उतरवून घेतो. यातून संशोधनाची जी हानी होते ती लवकर दिसत नाही, पण फार मोठी असते. कोणत्या लेखकाने नेमके काय म्हटले होते आणि कोणत्या अटींसह म्हटले होते, हे गोषवाऱ्यात नसते. ते आतल्या पानांत, तक्त्यांत आणि तळटिपांत असते.

कोसंबींच्या लेखापासूनच सुरुवात करू, कारण या वाटेवरचे बहुतेक खाचखळगे त्या एका लेखात भेटतात.

विद्यार्थी आधी काय करतो? लेखाचे शीर्षक ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत टाकतो. उत्तर येते : काहीही सापडले नाही. इथेच अनेक जण परत फिरतात. पण ग्रंथालयाची तालिका ही पुस्तकांची आणि पत्रिकांची असते. पत्रिकेच्या पोटातल्या लेखांची नोंद तिच्यात नसते. ग्रंथालय वर्गणी भरते ती पत्रिकेची, म्हणून शोधही पत्रिकेच्या नावाने घ्यावा लागतो आणि मग खंड, अंक, पृष्ठ या क्रमाने आत उतरावे लागते. लेखाच्या शीर्षकावरून शोध घेण्याची साधने वेगळी आहेत. काही विद्यापीठांनी सगळे स्रोत एकाच खिडकीतून शोधून देणारी सोय घेतली आहे, तिथे शीर्षक टाकले तरी चालते. आपल्या ग्रंथालयाच्या पानावर जी शोधपेटी दिसते ती यांपैकी कोणती, एवढे पहिल्याच दिवशी विचारून घेतले तर बरेच महिने वाचतात.

बरे, पत्रिकेचे नाव टाकले. ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ यादीत नाही. याचे कारण इतिहासात आहे. कार्ल पिअरसन यांनी १९२५ मध्ये सुरू केलेल्या या पत्रिकेचे नाव १९५४ मध्ये बदलून ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ असे झाले. वंशशुद्धीच्या विचाराने जगात जे अनर्थ घडवले त्यांनंतर ते जुने नाव ठेवणे शक्यच नव्हते. आज ही पत्रिका विली या प्रकाशनसंस्थेकडे आहे आणि जुने खंड नव्या नावाच्या पोटात शोधावे लागतात. संशोधनपत्रिका नाव बदलतात, दोन पत्रिका एक होतात, एकीच्या तीन होतात. जुना संदर्भ सापडत नसेल तर या पत्रिकेचे पुढे काय झाले, हा प्रश्न आधी विचारावा. आठ अंकांचा आयएसएसएन क्रमांक इथे उपयोगी पडतो, कारण नाव बदलल्यावर सहसा नवा क्रमांक दिला जातो आणि जुन्या-नव्याची साखळी नोंदीत सांगितलेली असते.

तिसरा खड्डा वर्षाचा. कोसंबींच्या या लेखाचे वर्ष काही जण १९४३ देतात, काही १९४४. दोघांचेही लिहिणे एकमेकांवरून उतरत गेलेले. मूळ लेखाच्या डीओआय क्रमांकात १९४३ हे वर्ष गुंफलेले आहे आणि त्याच्या शेजारी १४६९-१८०९ हे आकडे आहेत. तो ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’चा आयएसएसएन. म्हणजे पत्रिकेचा सगळा वंशवृक्ष त्या एका क्रमांकात वाचता येतो. असा क्रमांक प्रत्येक लेखाला असतोच असे नाही आणि प्रत्येक क्रमांक इतका बोलकाही नसतो, पण असेल तेव्हा शीर्षकापेक्षा तोच वापरावा. १० या आकड्याने सुरू होणारा हा क्रमांक लेखाला कायमचा चिकटतो. पत्रिका एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेली, संकेतस्थळाचा पत्ता बदलला, तरी क्रमांक बदलत नाही. प्रकाशकांनी मिळून क्रॉसरेफ ही नोंदणीची व्यवस्था २००० मध्ये सुरू केली, तेव्हापासून जुन्या लेखांनाही मागे जाऊन क्रमांक देण्याचे काम होत आले आहे. त्यामुळे १९४३ च्या लेखाला डीओआय असल्याचे आश्चर्य वाटू नये.

संदर्भाची ओळ तपासून घेण्याचा आणखी एक साधा मार्ग आहे, तो म्हणजे खंड आणि वर्ष यांचा मेळ. ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ १९६६ मध्ये मुंबईत सुरू झाले, दर वर्षाला एक खंड. कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी सहकार आणि राजकारण यांवर या साप्ताहिकात १९६८ मध्ये लिहिले. तर तो खंड तिसराच असला पाहिजे. कोणी तेरावा लिहिला असेल तर छपाईची चूक धरून पुढे जावे. आणि कोणी १९५८ च्या लेखापुढे ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ असे नाव दिले असेल, तर ते शक्यच नाही. तो लेख त्याच्या पूर्वावतारात, १९४९ पासून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’त पाहावा. अशा खुणा प्रत्येक विषयात पाच-सात प्रमुख पत्रिकांच्या बाबतीत तरी अभ्यासकाला तोंडपाठ असाव्यात.

ओळ नीट झाली, प्रकाशकाच्या पानापर्यंत पोहोचलो, आणि समोर आली किंमत : एका लेखाला तीस-चाळीस डॉलर. इथे विद्यार्थी संगणक बंद करतो. त्याच क्षणी त्याला कोणीतरी सांगायला हवे की हे पैसे बहुधा तुझ्या वतीने आधीच भरलेले आहेत.

ही गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण ती आपल्या देशात मोठ्या कष्टाने उभी राहिली आहे. विद्यापीठांची ग्रंथालये एकमेकांना जोडण्यासाठी इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम १९९१ मध्ये सुरू झाला. १९९६ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्वायत्त केंद्र झाले आणि आज ते गांधीनगरला आहे. एकेकट्या विद्यापीठाने परदेशी प्रकाशकाशी भाव करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून वर्गणी भरावी, हा विचार तिथून रुजला. महाविद्यालयांसाठी २०१० पासून एन-लिस्ट आले. तोवर वेगवेगळ्या चाललेल्या योजना एकत्र करून २०१५ मध्ये ई-शोधसिंधू झाले. कृषी विद्यापीठांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे सेरा वेगळे होते. आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळजवळ १३,००० पत्रिका, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक, असा तिचा पसारा जाहीर झाला. ज्या ग्रंथालयांना पूर्वी दरवर्षी कोणती पत्रिका बंद करायची याची यादी करावी लागे, त्यांच्यासाठी हा बदल किती मोठा आहे, हे त्या याद्या ज्यांनी केल्या त्यांनाच कळेल.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यातली एक अट मात्र नीट लक्षात घ्यावी. ही योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांसाठी आणि केंद्र सरकारच्या संशोधनसंस्थांसाठी आखली आहे. आपल्याकडची बहुसंख्य महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी उभी केलेली आणि त्यांनीच चालवलेली आहेत. म्हणून आपले महाविद्यालय यादीत आहे का, हे शिक्षकाने आपल्या ग्रंथपालाकडून तपासून घ्यावे. नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. पीएचडीसाठी नाव नोंदवलेला शिक्षक हा विद्यापीठाचा विद्यार्थी असतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे सभासदत्व आणि लॉगइन मागण्याचा त्याला अधिकार आहे. तालुक्याच्या गावी शिकवणारे कित्येक प्राध्यापक हा अधिकार वापरतच नाहीत, कारण विद्यापीठ दूर आहे आणि तिथल्या ग्रंथालयात आपण पाहुणे, अशी समजूत मनात बसलेली असते.

मग पैसे भरलेले असताना किंमत का दिसते? प्रकाशकाच्या संकेतस्थळाला वाचक ओळखता येत नाही. तो कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून आला एवढेच त्याला दिसते. विद्यापीठाच्या आवारातल्या वायफायवरून तोच दुवा उघडला तर पीडीएफ समोर येते, कारण तो पत्ता प्रकाशकाकडे नोंदलेला असतो. घरी मोबाइलच्या डेटावरून उघडले तर प्रकाशकाला फक्त मोबाइल कंपनी दिसते आणि तो किंमत दाखवतो. उपाय हा की घरून शोध घेताना ग्रंथालयाच्या दारातून आत जायचे. कुठे त्यासाठी ग्रंथालयाने प्रॉक्सीची सोय केलेली असते, कुठे रिमोटएक्सएस किंवा मायलॉफ्टसारखी सेवा घेतलेली असते, कुठे इन्फ्लिबनेटच्या इन्फेड या व्यवस्थेतून प्रकाशकाच्याच पानावर आपली संस्था निवडून विद्यापीठाचे लॉगइन द्यायचे असते. नावे बदलत राहतील, तत्त्व बदलणार नाही. गूगल स्कॉलरवरून शोधण्याची सवय असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ग्रंथालयाचे दुवे असा पर्याय आहे, तिथे आपल्या विद्यापीठाचे नाव शोधून जोडावे. विद्यापीठाने आपल्या पत्रिकांची माहिती गूगलला दिलेली असेल तर निकालाच्या शेजारी आपल्या ग्रंथालयाचा दुवा दिसू लागतो.

शोधसाधन आणि मजकुराचा साठा यांत फरक आहे, हेही इथेच सांगतो. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये लेख दिसला म्हणजे तो तिथे वाचायला मिळेल असे नाही. ती निर्देशसूची आहे : लेख कुठे आहे, कोणी त्याचा आधार घेतला, हे ती सांगते. पबमेडचेही तसेच, पूर्ण मजकुराची जागा पबमेड सेंट्रल ही वेगळी. उलट जेस्टोर हा पूर्ण मजकुराचा संग्रह आहे, पण तो मुख्यतः जुन्या खंडांसाठी उभारलेला. बहुतेक पत्रिकांचे अगदी ताजे अंक तिथे येत नाहीत, तीन ते पाच वर्षांचे अंतर ठेवलेले असते आणि दरवर्षी ते एकेक वर्ष पुढे सरकते. म्हणून एखाद्या पत्रिकेपुढे आपल्या ग्रंथालयाने कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत असे लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय ‘आपल्याकडे ही पत्रिका नाही’ असे कोणी म्हणू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ‘ॲनल्स’ किंवा डेक्कन कॉलेजचे ‘बुलेटिन’ या पुण्याच्या पत्रिकाही जेस्टोरवर आहेत. ज्याच्या विद्यापीठाकडे जेस्टोर नाही त्याने स्वतःचे खाते उघडले तर महिन्याला १०० लेख पडद्यावर विनामूल्य वाचता येतात.

ग्रंथालयाच्या वर्गणीत लेख नसेल तर त्याची मोकळी प्रत असू शकते. भौतिकशास्त्र आणि गणितात अर्काइव्ह १९९१ पासून आहे, डीओएजे ही मुक्त पत्रिकांची सूची २००३ पासून. बंगळुरूहून १९३२ पासून निघणारे ‘करंट सायन्स’ कोणालाही वाचता येते. अनपेवॉल नावाचा छोटा विस्तार ब्राउझरला जोडला की लेखाची कायदेशीर मोकळी प्रत कुठे असेल तर तो दाखवतो. अशी प्रत कधी लेखकाच्या हस्तलिखिताची असते, छापील लेखाची नसते. वाचायला ती पुरते, पण पृष्ठक्रमांक देताना आणि शब्दशः उद्धृत करताना छापील आवृत्तीशी ताडून घ्यावी लागते. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातले प्रबंधही विसरू नयेत. ज्या संशोधकाचा लेख मिळत नाही त्याचा प्रबंध पुष्कळदा तिथे असतो, आणि त्यात लेखापेक्षा अधिक सामग्री असते.

तेही झाले नाही तर मागणी. हा मार्ग आपल्याकडे सर्वांत कमी वापरला जातो आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा आहे. दिल्लीत १९८८ मध्ये सुरू झालेले डेलनेट हे ग्रंथालयांचे जाळे सभासद ग्रंथालयांना एकमेकांकडून लेखांच्या प्रती मिळवून देते. आपले ग्रंथालय सभासद असेल तर अर्ज भरून द्यायचा, बाकीचे काम ग्रंथपालाचे. थेट लेखकाला ईमेल पाठवणेही गैर नाही. दोन ओळींत आपण कोण, काय वाचतो आहोत आणि कोणता लेख हवा आहे, इतके लिहिले तरी पुरे. आपले लिहिलेले कोणीतरी वाचू पाहते आहे याचा आनंद संशोधकाला असतो, आणि अभ्यासासाठी एखाद्याला प्रत देण्याची मुभा बहुतेक प्रकाशक त्याला देतात.

वर्गणीचे लेख परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळाबद्दल न बोलता हा विषय पुरा होणार नाही. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या तरुणीने २०११ मध्ये ते सुरू केले तेव्हा गरीब देशांतल्या संशोधकांची कोंडी खरी होती. तिकडे वळलेल्या विद्यार्थ्याला मी चोर म्हणणार नाही. पण तीन मोठ्या प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायद्याची बाजू क्षणभर सोडली तरी माझा आक्षेप उरतोच. तिथे गेलेला वाचक ग्रंथालयाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. त्याची गरज नोंदली जात नाही, आणि नोंद नसलेल्या गरजेसाठी पैसे मागणे ग्रंथपालाला जड जाते.

आता शोधाच्या शब्दांविषयी. महाराष्ट्रावर काम करणाऱ्याला इथे एक खास अडचण येते. आजची नावे वापरून शोधले तर जुने लेखन सापडत नाही. पुण्यावरचे १९७० च्या आधीचे इंग्रजी लेख ‘पूना’ या नावाखाली आहेत. राज्य १९६० मध्ये झाले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीवरचे त्याआधीचे लेख ‘बॉम्बे डेक्कन’मध्ये, मराठवाड्यावरचे ‘हैदराबाद स्टेट’मध्ये आणि विदर्भावरचे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’मध्ये पाहावे लागतात. एकोणिसाव्या शतकात ‘मराठा’ हा शब्द ‘महराट्टा’ असा, आणि ‘पेशवा’ हा ‘पेश्वा’, ‘पैश्वा’ अशा निरनिराळ्या वर्णांत लिहिलेला आढळतो. ही रूपे ‘ऑर’ने जोडून एकाच वेळी शोधावीत. व्यक्तिनामांचेही तसेच : कोणी आद्याक्षरे देतो, कोणी पूर्ण नाव, कोणी आडनाव आधी. वैद्यकशास्त्रात पबमेडमध्ये वापरल्या जाणाऱ्या विषयशब्दांच्या नियंत्रित यादीने हा घोळ बराच आवरला आहे. आपल्या इतिहासाला आणि समाजशास्त्राला तशी यादी मिळेपर्यंत अभ्यासकाने आपली शब्दसूची आपणच वहीत वाढवत न्यावी.

आणि मराठी नियतकालिके. इथे डीओआय नाही, स्कोपस नाही, विद्यापीठाच्या लॉगइनने उघडणारा साठा बहुधा नाही. मराठी साहित्य, इतिहास आणि वैचारिक चर्चा यांवर काम करणाऱ्यासाठी मात्र सोन्याची खाण इथेच आहे : १८६७ मध्ये सुरू झालेला ‘विविधज्ञानविस्तार’, वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, ‘समाज प्रबोधन पत्रिका’. या क्षेत्रात शंकर गणेश दाते यांचे ऋण फिटणारे नाही. त्यांची मराठी ग्रंथसूची सर्वांना माहीत असते. १८०० ते १९५० या काळातल्या नियतकालिकांच्या सूचीचे काम मात्र तरुण अभ्यासकांच्या कानावरही गेलेले नसते. नियतकालिक कधी निघाले, कोण संपादक, ही माहिती हाती असल्याशिवाय कपाटापर्यंत जाण्यात अर्थ नसतो.

कपाट म्हणजे बांधीव खंड. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, विद्यापीठांची जुनी ग्रंथालये यांच्याकडे वर्षावर्षाचे अंक एकत्र बांधून ठेवलेले आहेत. ते वापरताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मराठी मासिकाचे ‘वर्ष’ जानेवारीला सुरू होईलच असे नाही. ते मासिक ज्या महिन्यात जन्मले तिथून धरतात, त्यामुळे एका वर्षाचे अंक इसवी सनाच्या दोन वर्षांत पसरतात. जुन्या अंकांवर शकाचे वर्ष असते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८४० चा चैत्र १९१८ मध्ये पडतो, पण त्याच शकाचा माघ १९१९ मध्ये जातो. आणि बांधणी करताना मुखपृष्ठे, जाहिराती आणि कधी अनुक्रमणिकाही काढून टाकलेली असते, म्हणून वर्षाच्या शेवटच्या अंकात वार्षिक सूची जोडलेली आहे का ते आधी पाहावे. ती असली तर तासांचे काम मिनिटांवर येते.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने आपल्या दुर्मीळ साठ्याचा मोठा भाग संगणकावर आणला आहे. जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये मुंबईहून सुरू केलेल्या ‘इंडियन अँटिक्वेरी’चे खंड इंटरनेट अर्काइव्हवर कोणालाही उतरवून घेता येतात. मराठी नियतकालिकांचे काम मात्र तुकड्यातुकड्यांत झाले आहे आणि लेखवार सूचीशिवाय झाले आहे. पाने स्कॅन झाली, पण कोणत्या पानावर कोणाचा लेख आहे हे शोधता येत नाही, ही अवस्था मला फार खटकते. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एम.ए.च्या प्रकल्पासाठी एकेका विद्यार्थ्याला एका नियतकालिकाची दहा-दहा वर्षे वाटून दिली आणि लेखवार सूच्या करून घेतल्या, तर थोड्याच काळात चित्र पालटेल. त्याला मोठा निधी लागत नाही. शिस्त आणि एकसारखा नमुना लागतो.

मराठीत लिहिणाऱ्यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. ‘नवभारतमधील एका लेखात म्हटल्याप्रमाणे’ असा उल्लेख करून आपण पुढच्या अभ्यासकाला रस्त्यात सोडून देतो. लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, अंक, महिना, सन आणि पृष्ठ इतके लिहायला एक ओळ लागते. ती ओळ नसल्यामुळे कोणाचा तरी पूर्ण दिवस ग्रंथालयात जातो.

पुढच्या प्रकरणांत यांतला प्रत्येक मार्ग उदाहरणांसह सांगितला आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मराठी नियतकालिकांचा भाग गाळला तरी चालेल. साहित्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र डीओआय आणि लॉगइनचा भाग गाळू नये, कारण त्यांच्या विषयावर परदेशांत काय लिहिले जाते आहे ते तिथूनच कळते. प्रकरणे क्रमाने वाचण्याची गरज नाही. हातात एक खरा, न मिळणारा संदर्भ घेऊन वाचली तर त्यांचा उपयोग होईल.

शेवटी एक विनंती. वर्गणी पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवताना कोणती पत्रिका किती वेळा उघडली गेली याचे आकडे पाहिले जातात, आणि प्रकाशक ते आकडे ग्रंथालयांना देतात. जो लेख वाचकाला मिळाला नाही त्याची मोजणी मात्र आपोआप होत नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची मंजूर मुदत २०२७ च्या अखेरीपर्यंत आहे. त्यानंतर काय ठेवायचे आणि काय वाढवायचे यावर बोलणी होतील तेव्हा तुमच्या ग्रंथपालाच्या हाती वाचकांच्या मागण्यांची यादी असली पाहिजे. म्हणून जो लेख सापडला नाही तो सोडून देऊ नका. त्याचा पूर्ण संदर्भ लिहून ग्रंथपालाकडे द्या, तारीख घाला आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.